धक्का पाठीला, भुर्दंड खिशाला

रस्त्यावरील खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. सुरक्षित रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही भूमिका न्यायालयाने त्या वेळी पुन्हा एकदा ठामपणे मांडली. आदेश स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र या हिशेबात एक नुकसान कोठेच धरले जात नाही. जो दुचाकीस्वार खड्ड्यात पडत नाही, ज्याचे हाड मोडत नाही, परंतु जो शेकडो किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक खड्डा स्वतःच्या पाठीच्या कण्यावर झेलतो, त्याचे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ते दिसते ते गॅरेजच्या बिलात.

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी मोटारसायकल बाळगणारा एक मोठा वर्ग गेल्या १५-२० वर्षांत महाराष्ट्राच्या शहरांत तयार झाला आहे. आठवडाभर कार्यालय आणि शनिवार-रविवारी कोकण, महाबळेश्वर किंवा गोवा, असा त्याचा क्रम असतो. वर्षातून एकदा मनाली-लेहची वारी करणारेही त्यात आहेत. नवी गाडी घेतल्यावर हा ग्राहक ज्या वस्तूंवर हौसेने खर्च करतो, त्यात हेल्मेट आणि सामानाच्या पेट्यांच्या पाठोपाठ आता मागच्या ‘शॉकअप’चा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा क्रमांक लागू लागला आहे. काही हजारांच्या देशी जोडीपासून नव्या स्कूटरच्या किमतीशी बरोबरी करणाऱ्या परदेशी बनावटीपर्यंत सर्व प्रकारचा माल बाजारात मिळतो. वरवर पाहता ही हौसेची खरेदी आहे. प्रत्यक्षात ती रस्ते बांधणाऱ्या, गाड्या बनविणाऱ्या आणि कायदे करणाऱ्या यंत्रणांनी अर्धवट सोडलेले काम ग्राहकाने स्वतःच्या पैशाने पूर्ण करण्याचा प्रयत्न आहे. तो प्रयत्नही अनेकदा चुकीच्या दिशेने होतो, ही यातील खेदाची बाब होय.

चांगल्या रस्त्यांवर प्रवेश नाही

प्रथम रस्त्यांचा विचार करू. महाराष्ट्रातील सर्वांत सपाट आणि सुस्थितीतील रस्ते कोणते, असे विचारल्यास मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू ही नावे समोर येतात. या तिन्हींवर दुचाकींना मज्जाव आहे. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या मोटारींमध्ये दुचाकी नको, हा त्यामागील सुरक्षेचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्याचा परिणाम असा, की एकरकमी रस्ता कर भरूनही मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला जुना मुंबई-पुणे रस्ता, घाटरस्ते आणि मुंबई-गोवा महामार्गच येतो.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. २०२५ च्या गणेशोत्सवात चाकरमानी गावी निघाले तेव्हाही ते पूर्ण झालेले नव्हते. जेथे काँक्रीट झाले आहे, तेथे खड्ड्यांचा त्रास कमी झाला. परंतु तेथे दुसराच प्रश्न उभा राहतो. काँक्रीटच्या रस्त्याला ठराविक अंतरावर आडवे सांधे ठेवावे लागतात आणि हे अंतर सर्वसाधारणपणे साडेचार मीटर असते. सांधे नीट भरलेले आणि समपातळीत असतील, तर ते जाणवत नाहीत. ते उचललेले वा खचलेले असतील, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलला दर सेकंदाला सुमारे पाच धक्के बसतात. बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेच्या ज्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, ती साधारण सेकंदाला चार ते आठ इतकी असतात. म्हणजे काँक्रीटच्या रस्त्यावरील ती सततची ‘थडथड’ नेमकी शरीराच्या दुबळ्या जागी बसते. पनवेलहून निघून महाडला चहासाठी उतरताना कंबर धरावी लागते, त्याचे एक कारण हे आहे.

कामगारांना बसणाऱ्या अशा कंपनांची युरोपीय संघाने २००२ सालीच कायदेशीर मर्यादा ठरवून दिली. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आठ तासांच्या कामाला दर सेकंद वर्गास ०.५ मीटर ही उपाययोजना सुरू करण्याची पातळी, तर १.१५ मीटर ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. ही मर्यादा ट्रॅक्टर, ट्रक वा यंत्रे चालविणाऱ्या कामगारांसाठी आहे. हौशी प्रवाशाला ती लागू नाही. तरीही कंपन हा केवळ गैरसोयीचा नव्हे, तर आरोग्याचा विषय आहे, हे त्यातून स्पष्ट होते. आपल्याकडे दिवसभर दुचाकीवर बसून घरोघरी सामान पोहोचविणाऱ्या तरुणांची संख्या पाहता हा मुद्दा हौशी प्रवाशांपुरता मर्यादित राहत नाही.

बुलेटची देणगी

मागच्या चाकाला स्प्रिंग हवी, ही गोष्ट आज गृहीत धरली जाते. पूर्वी तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक थेट सांगाड्याला जोडलेले असे आणि धक्का झेलण्याचे काम सीटखालच्या स्प्रिंगांवर सोपविलेले असे. इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डने १९४८ साली मागे स्विंगआर्म आणि तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर बसविलेली बुलेट चाचणी शर्यतींत उतरविली व पुढच्याच वर्षी ती बाजारात आणली. ही रचना असलेल्या अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींत तिची गणना होते. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि हीच गाडी भारतीय रस्त्यांची ओळख बनली.

पुढे १९७० च्या दशकात बेल्जियन अभियंता ल्युसिएं टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने मागे दोनऐवजी एकच शॉक ॲब्सॉर्बर असलेली ‘मोनोशॉक’ रचना शर्यतीत आणली. भारतात ही रचना सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती २००४ च्या होंडा युनिकॉर्नसारख्या गाड्यांमधून. रॉयल एन्फिल्डने २०१६ साली आणलेल्या हिमालयनमध्ये मागच्या चाकाला १८० मिलिमीटर वरखाली होण्याची मुभा मिळाली. २०२३ च्या नव्या हिमालयनमध्ये ती २०० मिलिमीटर झाली. याउलट २०१८ साली आलेल्या आणि दूरच्या प्रवासासाठी लोकप्रिय झालेल्या इंटरसेप्टर ६५० मध्ये जुन्या पद्धतीचे दोन शॉक ॲब्सॉर्बर असून मागची मुभा अवघी ८८ मिलिमीटर आहे. मागचे शॉकअप बदलण्याची चर्चा ज्या गाड्यांबाबत सर्वाधिक होते त्यांत इंटरसेप्टर अग्रभागी का, याचे उत्तर या ८८ मिलिमीटरमध्ये आहे.

स्प्रिंग व तेल यांची कामे वेगळी

मागच्या शॉकअपमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा एकत्र नांदतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा हिशेब समजत नाही. स्प्रिंग भार उचलते आणि धक्क्याची ऊर्जा क्षणभर साठवते. आतील तेल बारीक छिद्रांतून दाबले जाऊन त्या ऊर्जेची उष्णता करते. तेल नसते तर एका खड्ड्यानंतर गाडी अर्धा किलोमीटर उड्या मारत राहिली असती. स्प्रिंग दबताना तेलाने केलेला विरोध वेगळा आणि ती उसळून परत येतानाचा विरोध वेगळा. परतीचा विरोध कमी पडला, तर गाडी उसळत राहते. तो जास्त झाला, तर एका खड्ड्यातून सावरण्यापूर्वीच दुसरा येतो, स्प्रिंग दबलेलीच राहते आणि हळूहळू मागचा भाग खाली बसतो. सलग खड्ड्यांच्या रस्त्यावर ‘गाडी आधी बरी चालते, मग दगडासारखी होते’, या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

तेल तापले की पातळ होते, हवेत मिसळले की फेसाळते आणि त्याचा विरोध घटतो. म्हणून चांगल्या बनावटीत तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवलेला असतो. काहींत तेलासाठी बाहेर वेगळी डबीही असते. फ्रेंच अभियंता क्रिस्तियां द कार्बों यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेले हे तत्त्व आजही कायम आहे. महाग शॉकअपमध्ये ग्राहक पैसे मोजतो ते प्रामुख्याने या तेलाच्या वाटांसाठी. तीक्ष्ण कडेचा खड्डा आला की तेलाला झटकन वाट मिळावी, पण घाटाच्या वळणावर गाडी झुलू नये, या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच नळकांड्याने पुऱ्या करावयाच्या असतात. स्वस्त शॉकअपला दोन्ही साधत नाहीत, म्हणून तो बहुधा मधला मार्ग धरतो.

मऊ म्हणजे आरामदायी नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. ‘गाडी कडक वाटते, मऊ शॉकअप बसवा’, ही मागणी बहुतेक गॅरेजांत ऐकू येते. प्रत्यक्षात लांबच्या प्रवासात पाठीला बसणारा सर्वांत वाईट धक्का कडक स्प्रिंगचा नसून संपलेल्या स्प्रिंगचा असतो. डबलसीट बसल्यावर आणि दोन्ही बाजूंना सामान लटकविल्यावर मागचा भाग इतका खाली जातो, की पुढचा खड्डा येतो तेव्हा दबायला जागाच उरलेली नसते. मग शॉकअप आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि तो आघात जसाच्या तसा कण्यात जातो. त्यावर मऊ स्प्रिंग बसविणे म्हणजे रोग वाढविणेच होय. अशा प्रवाशाला उलट अधिक कडक स्प्रिंगने आराम मिळतो. याउलट एकट्याने प्रवास करणाऱ्या ६० किलोच्या व्यक्तीने हीच कडक स्प्रिंग बसविली, तर गाडीचे डोलणे जलद होऊन कण्याला त्रास देणाऱ्या कंपनांच्या जवळ जाते.

आकड्यांत पाहू. गाडी बसल्यावर मागचा भाग किती खाली यावा, याचा प्रचलित ठोकताळा एकूण मुभेच्या २५ ते ३३ टक्के असा आहे. इंटरसेप्टरच्या ८८ मिलिमीटरसाठी तो २२ ते २९ मिलिमीटर होतो. ७५ किलोचा चालक एकटा असताना गाडी या मर्यादेत बसत असेल, तर मागे ६५ किलोचा सहप्रवासी आणि २५ किलो सामान आल्यावर भार दुपटीहून अधिक होतो. शिवाय हा वाढीव भार जवळपास मागच्या चाकावरच येतो. कारखान्याला मात्र एकच स्प्रिंग निवडायची असते. ती एकट्या चालकाला फार कडक वाटू नये आणि डबलसीटला अगदीच कोसळू नये, अशी ठेवली जाते. त्यामुळे दोघांपैकी कोणाचेच पूर्ण समाधान होत नाही.

या तडजोडीवर उपाय म्हणून गाडीसोबत स्प्रिंग आवळण्याची सोय दिलेली असते. तिला प्रीलोड म्हणतात. मागच्या शॉकअपच्या खाचांत विशिष्ट आकाराचा पाना घालून ती फिरवावी लागते. प्रीलोड वाढविला की स्प्रिंग कडक होते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. एक मिलिमीटर दबायला दोन किलो भार मागणारी स्प्रिंग आवळल्यानंतरही, एकदा दबू लागली की, प्रत्येक मिलिमीटरला दोन किलोच मागते. आवळल्यामुळे फक्त तिची सुरुवात पुढे जाते आणि गाडी वर उचलली जाते. म्हणजे दबायला जागा परत मिळते, पण स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. सामान वाढले की प्रीलोड वाढवावा आणि घरी परतल्यावर पुन्हा कमी करावा, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पाना मात्र बहुतेकांच्या हत्यारांच्या पिशवीत तसाच पडून राहतो.

खर्चापूर्वीची मोजपट्टी

नवा शॉकअप घेण्यापूर्वी एक साधी मोजपट्टी आणि दोन मित्र पुरतात. मागच्या चाकाच्या आसापासून बरोबर वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर तीन वेळा मोजावे. पहिल्यांदा चाक अधांतरी असताना, दुसऱ्यांदा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि तिसऱ्यांदा चालक, सहप्रवासी व सामान यांसह. पहिल्या व तिसऱ्या मापातील फरक मुभेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल, तर स्प्रिंग ठीक आहे. त्रास तेलाचा, टायरमधील हवेचा किंवा सीटच्या फोमचा असावा. प्रीलोड शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही फरक निम्म्याजवळ जात असेल, तर स्प्रिंग बदलावीच लागेल. बसल्यावरचे माप बरोबर येते, परंतु गाडी नुसती उभी असताना जराही दबत नाही, असे आढळल्यास स्प्रिंग मऊ असून ती जास्त आवळून वेळ मारून नेली आहे, असा अर्थ होतो.

तेलाची परीक्षाही सोपी आहे. गाडीचा मागचा भाग जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला, तर ठीक. दोन-तीन वेळा उसळला, किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओशटपणा दिसला, तर त्याचे आयुष्य संपत आले आहे. हजारो किलोमीटरच्या धावेनंतर हे घडणारच. परंतु टायर वा ब्रेकप्रमाणे शॉकअपही झिजणारी वस्तू आहे, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. शिवाय अनेक गाड्यांचे मूळ शॉकअप सीलबंद असतात. ते उघडून तेल बदलण्याची सोय नसते. महाग शॉकअपचा खरा फायदा येथे आहे. ते उघडता येतात, त्यांचे तेल व सील बदलता येते आणि वजनानुसार वेगळी स्प्रिंग मागविता येते. ज्या विक्रेत्याने ग्राहकाचे वजन, सहप्रवाशाचे वजन आणि सामान विचारले नाही, त्याच्याकडून केवळ नावाजलेल्या छापासाठी पैसे मोजणे म्हणजे डॉक्टरने नाडी न पाहता दिलेले औषध घेणे आहे.

लांबीबाबत विशेष सावध राहावयास हवे. गाडी उंच दिसावी म्हणून मूळ लांबीपेक्षा मोठा शॉकअप बसविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मागचा भाग उचलला गेला की पुढच्या काट्याचा कल बदलतो आणि हँडल अधिक हलके व चंचल होते. साखळीचा कोन बदलतो, गाडी साइड स्टँडवर अधिक कलते आणि पाय जमिनीला टेकणे अवघड होते. जोडसांध्यांच्या मोनोशॉक रचनेत तर शॉकअपच्या लांबीतील लहानशा बदलाचा परिणाम चाकापाशी कैकपट होतो. आराम वाढविण्याच्या नादात सुरक्षितता गमावण्याचा हा हमखास मार्ग आहे.

कायद्याची संदिग्धता

या खरेदीला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षित राहिली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत होणारा आणि त्याच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा बदल, अशी ‘बदला’ची व्याख्या त्याच कलमात आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला विसंगत बदल करता येणार नाहीत, अशी कठोर भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन व सांगाडा क्रमांक, इंजिनाची क्षमता, रंग, आसनसंख्या यांसारखे तपशील असतात. शॉकअपच्या स्प्रिंगचा उल्लेख त्यात नसतो. तेव्हा त्याच लांबीचा, त्याच जागी बसणारा, परंतु दुसऱ्या कंपनीचा शॉकअप हा ‘मूलभूत वैशिष्ट्यातील बदल’ ठरतो का? कलमाच्या व्याख्येनुसार ‘नाही’ असे म्हणता येते. निकालातील उत्पादकाच्या तपशिलाचा आग्रह धरला तर ‘होय’ असेही म्हणता येते. कर्णकर्कश सायलेन्सर बसवून रात्री-अपरात्री फिरणारा आणि आजारी पाठीसाठी योग्य स्प्रिंग बसविणारा यांना एकाच तागडीत तोलणे हा कायद्याचा हेतू नसावा. परंतु हेतू नियमांत स्पष्ट लिहिला जात नाही, तोवर निर्णय रस्त्यावरील अधिकाऱ्याच्या आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या मर्जीवर राहतो. ग्राहकाने निदान जुना शॉकअप व नव्याचे बिल जपून ठेवावे आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, एवढी खबरदारी त्याच्या हाती आहे.

करांचे चित्रही विचित्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या मोटारसायकलींवरील कराचा बोजा अधिभारासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. सुट्या भागांवरील कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. मोठी प्रवासी मोटारसायकल महाग आणि तिचे भाग स्वस्त, असा हा मेळ आहे. हाती असलेली गाडीच सुधारून वापरण्याकडे ग्राहकाचा कल वाढावा, असेच हे गणित आहे. म्हणजे एका हाताने करप्रणाली बदलाला उत्तेजन देते आणि दुसऱ्या हाताने कायदा त्याच बदलावर दंडाची टांगती तलवार ठेवतो.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्राला या विषयात हात झटकता येणार नाहीत. देशातील दुचाकींच्या शॉक ॲब्सॉर्बरचे मोठे उत्पादक याच राज्यात आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एन्ड्युरन्स आणि चाकणमध्ये गॅब्रिएल यांचे कारखाने आहेत. वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यात आहे. ज्ञान, कारखाना आणि प्रयोगशाळा, तिन्ही दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या परिघात आहेत. उणीव आहे ती त्यांना जोडणाऱ्या धोरणाची.

काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. दूरच्या प्रवासाची म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलसोबत उत्पादकाने दोन किंवा तीन वजनगटांसाठी स्प्रिंगचा पर्याय द्यावा आणि तो मूळ तपशिलाचाच भाग म्हणून मंजूर करून घ्यावा. मग कलम ५२ चा प्रश्नच उरत नाही. गाडी ताब्यात देताना ग्राहकाला बसवून मागचा भाग किती दबतो, ते मोजून प्रीलोड लावून द्यावा. शोरूममध्ये पुष्पगुच्छ देऊन छायाचित्र काढण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे होऊ शकते. परिवहन खात्याने मूळ लांबीच्या व प्रमाणित बनावटीच्या शॉकअपला स्पष्ट शब्दांत परवानगी द्यावी.

आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच गतिरोधकाचा नमुना घालून दिला होता. १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची, अशी ती मापे आहेत. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो विनात्रास ओलांडता यावा, ही त्यामागील कल्पना. आपल्या गल्लोगल्ली दिसणारे हातभर रुंदीचे डांबरी उंचवटे या मापांत कोठे बसतात, हे सांगावयास नको. जगातील कोणताही शॉकअप अशा उंचवट्यावरील धक्का शोषून घेऊ शकत नाही. तो फार तर त्याची धार बोथट करतो.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत ७४ हजार ८९७ दुचाकीस्वार होते, म्हणजे दर दहा मृतांमागे चारांहून अधिक. मागचे चाक रस्त्याला जितके चिकटून राहील, तितके ब्रेक नीट लागतात आणि वळणावर पकड टिकते. त्यामुळे चांगला शॉकअप हा आरामाइतकाच सुरक्षिततेचा भाग आहे. त्याला चैनीची वस्तू समजून ग्राहकाच्या हौसेवर सोडून देणे परवडणारे नाही.

उच्च न्यायालयाने खड्ड्याची किंमत रुपयांत मोजून दाखविली, हे बरेच झाले. तोवर प्रवासी मोटारसायकलस्वाराने शॉकअपच्या दुकानात शिरण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी, पिशवीतला पाना बाहेर काढावा आणि टायरमधील हवा तपासावी. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी योग्य स्प्रिंग व चांगला शॉकअप घेण्यात गैर काहीच नाही. परंतु त्या बिलातील काही रक्कम आपण रस्त्याच्या कंत्राटदाराच्या वतीने भरत आहोत, याचा विसर त्याला आणि ते कंत्राट देणाऱ्यांनाही पडता कामा नये.